पानशेत, मातीची धरणं आणि पुरासाठी ठेवायची रिकामी जागा

मावळतीकर | सोमवार, रात्री ९:४०

जुलै लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आकडे फिरायला लागतात. धरणं किती टक्के भरली, आणि खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं. पहिला आकडा वाढला की सगळे खूश, दुसरा वाढला की सगळे हवालदिल. पण दोन्ही आकडे एकाच पाण्याचे आहेत. त्या पाण्यासमोर पानशेतचं मातीचं धरण उभं आहे, आणि त्याच्याबद्दल आपण पुणेकर १२ जुलै, म्हणजे १९६१ साली ते फुटलं तो दिवस, सोडला तर फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. अंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर. या तिघांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून मुठेने शहरात. उपयुक्त साठा बघा: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. एकूण २९.१५. म्हणजे बातम्यांत ज्याचं नाव रोज येतं ते खडकवासला या साखळीतलं सगळ्यात छोटं भांडं आहे.

किती छोटं, ते हिशोबाने बघू. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; साधारण ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की १ टीएमसी होतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून साधारण ३५ हजार क्युसेक सोडलं जात होतं. या वेगाने येणारं पाणी आख्खं रिकामं खडकवासला साडेपंधरा तासांत भरून टाकेल. तेव्हा पूर अडवायची जागा खडकवासल्यात नाहीच. ती वर आहे, पानशेत आणि वरसगावमध्ये.

कागदावर पानशेत हे सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं राज्य शासनाचं धरण आहे, पूरनियंत्रणासाठी नाही. पण ते तिथे आहे म्हणून अंबीच्या खोऱ्यात कोसळलेला पाऊस त्याच रात्री लकडी पुलाखाली पोहोचत नाही. ते भरेपर्यंत आपलं रक्षण करतं. भरलं की वरून येईल तेवढं खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. कारण ते मातीचं आहे, आणि मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाऊन चालत नाही.

आपल्याला हे १९६१ साली कळलंय. धरण पुरं व्हायला अजून अवकाश होता तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. धरणाच्या पोटातून जाणाऱ्या विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या बोगद्याचं, काम अर्धवट होतं, दरवाजा पुरता वर-खाली होत नव्हता, आणि पोलादाच्या टंचाईमुळे त्या बोगद्याच्या काँक्रीटमध्ये सळयाच नव्हत्या. पाणी त्यातून प्रचंड दाबाने, हादरे देत जायला लागलं. बोगद्यावरचा भराव खचायला लागला. माथा खाली येतोय आणि पाणी वर चढतंय, अशी ती ११ जुलैची रात्र. लष्कराच्या जवानांनी त्या खचणाऱ्या माथ्यावर रात्रभर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही, पण ते रात्री न फुटता १२ तारखेच्या सकाळी फुटलं. भर रात्री ते पाणी पेठांत शिरलं असतं तर किती माणसं झोपेतच गेली असती याचा विचार करवत नाही. खालचं खडकवासला १८७९ सालचं दगडी धरण. ते काही तास टिकलं आणि मग तेही फुटलं.

आजचं पानशेत नंतर पुन्हा बांधलेलं आहे आणि त्या अर्धवट धरणाशी त्याची तुलना करणं चूक आहे. मला भीती घालायची नाही. मला विचारायचंय ते हे: जुलै-ऑगस्टमध्ये या धरणांत पुरासाठी किती जागा राखून ठेवायची, ते कुठल्या तारखेला किती, आणि हे ठरलेलं आपल्याला आधी कळतं का?

---

सुमती_ना | सोमवार, रात्री १०:२५

माझी आई तेव्हा नारायण पेठेत, चौथीत होती. तिला पाणी येताना दिसलं नाही, कारण आजोबांनी सकाळीच सगळ्यांना पर्वतीच्या बाजूला हलवलं होतं. तिच्या लक्षात राहिलंय ते परत आल्यावरचं. वाड्याच्या चौकात गुडघाभर काळा चिखल, आणि कोठीच्या खोलीत कणग्यांतले तांदूळ-ज्वारी भिजून फुगलेले. चारआठ दिवसांनी त्या धान्याला जो वास सुटला, तो आंबलेल्या कशाचाही वास आला की तिला आजही नकोसा होतो. आजीच्या लग्नातला शालू ट्रंकेत होता. ट्रंक सापडली, शालू उघडला तर घडीघडीत गाळ बसलेला. आजीने तो तीन-तीनदा धुतला. जरीतला गाळ शेवटपर्यंत गेला नाही, पण तिने तो टाकलाही नाही.

आणि पाण्याचे हाल. खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे. पूर आलेल्या गावात प्यायला पाणी नाही. वाड्यावाड्यांतल्या बुजत आलेल्या विहिरी तेव्हा उपसून परत वापरात आल्या. माझ्या मावशीचं घर नंतर सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत. सहकारनगर, गोखलेनगर हे भाग कसे वसले हे तिथे आज राहणाऱ्या कितीतरी मुलांना माहीतही नाही.

मावळतीकर, धागा काढलात ते बरं केलंत.

---

केदार७७ | सोमवार, रात्री ११:०२

चांगला धागा. माझा साधा प्रश्न. जोराचा पाऊस येणार हे हल्ली हवामान खातं दोन-तीन दिवस आधी सांगतं. मग त्या दोन-तीन दिवसांत पानशेतमधून पाणी सोडून जागा का करत नाहीत? ऐन पावसात, नदीत आधीच पाणी असताना का सोडतात?

---

निवृत्त_शाखा_अभियंता | मंगळवार, सकाळी ६:५०

केदार, तुमचा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि त्याला नीट उत्तर क्वचितच मिळतं. माझी नोकरी मातीच्या धरणांवर गेली (पानशेतवर नाही, दुसऱ्या खोऱ्यात). जमेल तसं सांगतो.

पहिली गोष्ट, धरणाला नळ नसतो की फिरवला आणि हवं तेवढं पाणी काढलं. पाणी सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) माथ्याच्या वर असेल तरच सांडव्यातून मोठा विसर्ग देता येतो. त्याखालचं पाणी फक्त विमोचकातून किंवा वीजगृहातून जातं. पानशेतच्या वीजगृहातून साधारण ६०० क्युसेक सोडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ६०० क्युसेकने १ टीएमसी जागा करायला किती दिवस लागतात? एकोणीस. हवामान खात्याचा तीन दिवसांचा अंदाज तिथे पुरा पडत नाही. म्हणून जागा ठेवायची तर ती जूनपासून, भरू देतानाच ठेवावी लागते. भरल्यावर करायची म्हटली तर होत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. मातीच्या धरणाचा छेद घेतलात तर मधोमध काळ्या चिकण मातीचं हार्टिंग असतं. ते पाणी अडवतं. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग, ते हार्टिंगला धरून ठेवतं. पाण्याच्या बाजूला लाटांपासून संरक्षण म्हणून दगडी पिचिंग, खालच्या उतारावर गवत, आणि पायथ्याला दगडाचा टो. धरण भरलेलं असतं तेव्हा पाण्याच्या बाजूचा भराव आतपर्यंत भिजलेला असतो. समोरचं पाणी भराभर खाली गेलं तर भरावातलं पाणी तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. बाहेरचा आधार गेलेला आणि आतला दाब तसाच, अशा वेळी तो उतार घसरतो. त्यामुळे मातीचं धरण किती वेगाने उतरवायचं यालाही मर्यादा असते. सगळे दरवाजे उघडून मोकळे व्हा म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

मावळतीकरांनी माथ्यावरून पाणी जाऊन चालत नाही असं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते काही वेळ तरी सोसतं. मातीवरून गेलं की खालचा उतार चिरत जातं, आणि एकदा चर पडली की ती थांबवता येत नाही. मोरबीचं मच्छू-२ आठवा, ११ ऑगस्ट १९७९. मधला सांडवा काँक्रीटचा, दोन्ही बाजू मातीच्या. सांडव्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं, मातीच्या बाजूंवरून गेलं, आणि त्या बाजू वाहून गेल्या. मधला सांडवा जागेवर राहिला.

म्हणून भर पावसात रात्री दोन वाजता विसर्ग वाढवणाऱ्या माणसाला शिव्या देण्याआधी एवढं लक्षात घ्या: त्याच्या हातात त्या क्षणी दोनच गोष्टी असतात, खालच्या वस्तीत कमरेएवढं पाणी किंवा धरण फुटण्याचा धोका. तिसरी गोष्ट, म्हणजे जागा, असायला हवी असेल तर ती त्याच्या हातात जूनमध्ये द्यावी लागते.

---

भीमाथडी | मंगळवार, सकाळी ९:१५

साहेबांनी छान समजावलं. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. आमची शेती दौंड तालुक्यात, मुठा कालव्यावर. या चार धरणांचं पाणी पुण्याला पिऊन उरेल ते आमच्या आवर्तनाला, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या पाळीला. उन्हाळ्यात दोन आवर्तनं मिळणार की एक, एवढ्यावर ऊस ठेवायचा की मोडायचा हे ठरतं. १ टीएमसी जागा पुरासाठी मोकळी ठेवा म्हणणं पुण्यात बसून सोपं आहे. ऑगस्टच्या मध्यावर पाऊस गेला आणि ती जागा भरलीच नाही, तर ते तुटलेलं पाणी पुण्याच्या नळातून कमी होणार नाही. आमच्या चारीतून कमी होणार. आजवर असंच झालंय.

आणि सोडलेलं पाणी उजनीत साठतं, वाया जात नाही, हे मला माहीत आहे. पण उजनीत गेलेलं पाणी आमच्या कालव्यात परत चढत नाही.

---

निवृत्त_शाखा_अभियंता | मंगळवार, सकाळी १०:३०

भीमाथडी, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि भांडण खरं इथेच आहे. पुरासाठी रिकामं हवं, पाण्यासाठी भरलेलं हवं, आणि धरण एकच. यावर तोड म्हणून जलाशय परिचालन सूची असते. कुठल्या तारखेला पाणी कुठल्या पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे त्यात जुन्या नोंदींवरून ठरवलेलं असतं. जुलैअखेर पातळी जरा खाली, ऑगस्टमध्ये चढती, आणि परतीच्या पावसाच्या सुमाराला पूर्ण. तारीख पुढे सरकते तसा मोठ्या पुराचा धोका कमी होतो, म्हणून जागाही कमी लागते. नीट पाळली तर बहुतेक वर्षी धरण भरतंही आणि पूरही सौम्य होतो. बहुतेक वर्षी म्हणतोय, दर वर्षी नाही. पाऊस दगा देईल त्या वर्षीची तूट कोणी सोसायची हे अभियंत्याने ठरवायचं नसतं. ते कालवा सल्लागार समितीत, उघडपणे ठरायला हवं. तूट फक्त शेवटच्या चारीवर ढकलली जाते हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे.

---

विठ्ठलवाडीची | मंगळवार, दुपारी १:४०

मी सिंहगड रस्त्यावर राहते, नदीपासून दुसऱ्या रांगेत. त्या जुलैच्या पहाटे पार्किंगमध्ये पाणी आलं तेव्हा सगळे झोपेत. वॉचमनच्या बायकोने जिन्यात उभं राहून थाळी वाजवली म्हणून आम्ही उठलो. लिफ्ट बंद, मीटरच्या खोलीत पाणी, आणि तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर आणलं. विसर्ग वाढवल्याचा मेसेज मोबाईलवर आला तो गाड्या बुडाल्यावर. कुठल्या कार्यालयाकडून यायला हवा होता आणि का उशीर झाला ते इथे लिहीत नाही. मला तो मेसेज पुढच्या वेळी आधी हवाय, एवढंच.

पण मला जागेबद्दलच्या या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं. आमच्याकडे निळी पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवणारी) ६० हजार क्युसेकला धरून आखलेली आहे, लाल १ लाखाला. मग ३५ हजारांना पाणी घरात कसं? धरणाने ६० हजार सोडले असते आणि घरं बुडाली असती तर मी धरणाला बोलले असते. ३५ हजारांना बुडाली, याचा अर्थ नदीची वाहून नेण्याची जागाच खाल्ली गेलीय. पात्रात राडारोडा टाकलाय, भराव केलेत, भिंती घातल्यात. आमच्या डोळ्यांदेखत रात्री डंपर रिकामे झालेत. वर पानशेतमध्ये एक टीएमसी जागा ठेवायची आणि खाली तेवढीच जागा मातीने भरायची, हे कसं चालेल?

---

मावळतीकर | मंगळवार, दुपारी २:३०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. मूळ लेखात मी फक्त वरच्या जागेबद्दल लिहिलं, खालची जागाही तितकीच मोलाची आहे. शिवाय तिन्ही वरच्या धरणांच्या खाली पडणारा पाऊस, म्हणजे खडकवासल्याचं स्वतःचं पाणलोट, आणि खडकवासल्याच्या खालचे ओढे-नाले, यांच्यावर पानशेतचा काहीच ताबा नाही. वरची धरणं भरायच्या आधीही खडकवासल्यातून सोडावं लागतं ते याच पाण्यामुळे.

---

व्हरमाँटकर | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

अमेरिकेतून लिहितेय, थोडं अवांतर वाटेल पण मुद्द्याला धरून आहे. मी व्हरमाँट राज्यात राहते, राजधानी मॉन्टपेलियरच्या जवळ. आमच्या वरच्या अंगाला राइट्सव्हिल नावाचं मातीचं धरण आहे, राज्य सरकारच्या मालकीचं, आणि ते बांधलंच पुरासाठी.

नोव्हेंबर १९२७ मध्ये इथे महापूर आला होता. छोटंसं राज्य, पण ८४ माणसं गेली. त्यांत राज्याचे उपगव्हर्नरही होते. त्यानंतर १९३०च्या दशकात मंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम देण्यासाठी जी दलं उभी केली होती त्यांच्याकडून विनूस्की नदीच्या खोऱ्यात तीन मातीची धरणं बांधून घेतली: ईस्ट बॅरी, राइट्सव्हिल आणि वॉटरबरी. कामावर पहिल्या महायुद्धातले माजी सैनिकही होते.

मावळतीकरांच्या प्रश्नाशी संबंध असा की या धरणांत पुरासाठीची जागा कोणाला मागावीच लागत नाही. ईस्ट बॅरी एरवी जवळजवळ कोरडं असतं. नदी तळाच्या बोगद्यातून आपली वाहत असते, आणि पूर आला की बोगद्यात मावणार नाही तेवढं पाणी मागे तुंबतं. राइट्सव्हिलला तळाशी एक तळं आहे, उन्हाळ्यात लोक पोहायला येतात, पण त्याच्या वरची सगळी उंची पुरासाठी मोकळी. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा म्हणतो, एवढं मोठं धरण आणि पाणी कुठाय? माझे सासरे अगदी हेच म्हणाले.

पण यानेही सगळं सुटत नाही. जुलै २०२३ मध्ये दोन दिवस असा पाऊस पडला की राइट्सव्हिलचं पाणी आणीबाणीच्या सांडव्याच्या जवळपास माथ्याला लागलं. त्या सकाळी शहरात सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. ते सांडलं नाही. तरीही मॉन्टपेलियरची बाजारपेठ बुडाली, कारण राइट्सव्हिल विनूस्कीच्या एका उपनदीवर आहे आणि पाणी मुख्य नदीनेही आलं. धरण नसतं तर काय झालं असतं हे सगळ्यांना कळतं, पण दुकानात छातीभर पाणी असलेल्याला ते सांगून समाधान होत नाही. विठ्ठलवाडीच्या ताईंचं आणि आमच्या इथल्या दुकानदारांचं दुःख एकच आहे.

---

दसपटीकर | मंगळवार, रात्री ९:२०

पानशेत मोठं, त्याच्यावर लक्ष ठेवायला माणसं आहेत, कॅमेरे आहेत, रोज बातमी आहे. मी लहान धरणांबद्दल लिहितो. आमच्या चिपळूण तालुक्यातलं तिवरे. २ जुलै २०१९, रात्री साडेनऊचा सुमार. मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. पावसाची रात्र, डोंगरातली वाडी, काळोख. धरण आणि घरं यांच्यात अंतर इतकं थोडं की पळायलाही वेळ नव्हता.

धरणातून गळती होतेय, अशा तक्रारी गावाने आधी केल्या होत्या हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. नंतर खेकड्यांनी धरण फोडलं असं तेव्हाचे मंत्री म्हणाले. माणसं गमावलेल्या घरात बसून ते ऐकताना काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही. साहेब, तुम्ही या क्षेत्रातले आहात, तुम्हीच सांगा. खेकड्याने धरण फुटतं का?

---

निवृत्त_शाखा_अभियंता | मंगळवार, रात्री ११:१०

दसपटीकर, तुमचा प्रश्न वाचून झोप येईना, म्हणून आत्ताच लिहितो.

खेकडे, उंदीर, घुशी, साळिंदरं मातीच्या भरावात बिळं करतात, हे खरं आहे. झाडाची मुळंही तेच करतात, म्हणून उतारावर बाभूळ-निरगुडी वाढू द्यायची नसते. पण हे सगळं देखभाल करणाऱ्याला माहीत असतं आणि ते हटवणं, बिळं खणून पुन्हा चोपून भरणं, हेच तर देखभालीचं काम. बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. गळतीची वाट मोठी होत जाते, ती महिनोन्महिने दिसत असते. कोणी बघायला गेलं तर.

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. झिरपलेलं पाणी टोमधल्या चरातून एका जागी आणून व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या पट्टीवर, मोजतात. आमचा एक मजूर होता, शिक्षण दुसरी. तो पावसाळ्यात रोज सकाळी त्या चरातलं पाणी काचेच्या बाटलीत धरून उजेडात बघायचा. ‘साहेब, आज बी नितळ हाय,’ म्हणायचा, आणि मला दिवसभर चैन पडायची. पाणी नितळ तर ते नुसतं झिरपतंय. गढूळ झालं तर ते सोबत माती आणतंय, म्हणजे धरण आतून पोखरलं जातंय. एक दिवस त्याने बाटली न बोलता माझ्यासमोर धरली. तळाशी नखभर गाळ होता. आम्ही त्याच दिवशी विमोचक उघडून पातळी हळूहळू उतरवायला घेतली, गळतीच्या तोंडावर वाळू, खडी आणि वर दगड असा उलटा फिल्टर टाकला, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. धरण वाचलं. हे करायला मोठी यंत्रं लागली नाहीत. रोज धरणावर चालणारा माणूस लागला, आणि त्याचं ऐकणारा माणूस लागला.

आज त्या मजुराच्या पदावर कोणी आहे का, हा माझा प्रश्न आहे. महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत, देशात सर्वांत जास्त, आणि त्यांतली बहुसंख्य मातीची. शिवाय तलाव आणि लघुप्रकल्प वेगळेच. २०२१चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सांगतो, आपत्कालीन कृती आराखडा सांगतो. नाशिकला आपली धरण सुरक्षितता संघटना आधीपासून आहे. कागद कमी नाहीत. पण एका कर्मचाऱ्याकडे पाच-सहा धरणं दिली, त्याला गाडी नाही दिली, तर तो बाटली कुठल्या कुठल्या चरात धरणार?

---

केदार७७ | बुधवार, सकाळी ८:००

काका, हा प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या गावालगतही एक लघुपाटबंधारे तलाव आहे, मातीचाच. इंजिनीअर नसलेल्या माणसाने तिथे गेल्यावर काय बघायचं? आणि दिसलं तर कुणाला सांगायचं?

---

निवृत्त_शाखा_अभियंता | बुधवार, सकाळी ९:४५

खालच्या बाजूच्या पायथ्याने चाला, माथ्यावरून नाही. माथ्यावरून तळं छान दिसतं, पायथ्याला दुखणं दिसतं. उन्हाळ्यातही एखादी जागा हिरवीगार, पाय रुतेल अशी ओली असेल तर लक्षात ठेवा. वाळूच्या छोट्या वारुळासारखा उंचवटा आणि त्याच्या तोंडातून पाणी बुडबुडत असेल तर ते गंभीर आहे. माथ्याला लांबीच्या दिशेने भेग, पिचिंगचे दगड बसलेले, माथ्याची कड मध्येच झुकलेली, हेही बघा. सांडव्याच्या वाटेत कोणी शेत केलंय, बांध घातलाय, मासे धरायला जाळीच्या भिंती घातल्यात, असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि ते गळतीइतकंच घातक. सांडवा अडला की पाणी माथ्यावरून जाणार.

फोटो काढा, त्यात तारीख आणि एखादी ओळखीची खूण येऊ द्या. पाटबंधारे उपविभागाला आणि तहसीलदारांना लेखी द्या, पोच घ्या. ग्रामसभेत ठराव करून घ्या, एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येतं. गढूळ पाणी दिसलं तर मात्र अर्जाची वाट बघू नका. आधी खालच्या वस्तीला सांगा, मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन.

---

भीमाथडी | बुधवार, सकाळी ११:२०

साहेबांच्या सगळ्या म्हणण्याला +१. मावळतीकर, तुम्ही परिचालन सूची मागवणार असाल तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचं इतिवृत्तही मागवा. जागा ठेवण्याला माझा विरोध नाही. पाऊस कमी झाला त्या वर्षी किती कपात कुणाच्या वाट्याला, हे आधी लिहिलेलं असू द्या. लिहिलेलं असेल तर आमच्या गावातली माणसं तुमच्या बाजूने बोलतील.

---

मावळतीकर | बुधवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. चारही धरणांची परिचालन सूची, मागच्या पाच पावसाळ्यांतली दर १५ दिवसांची प्रत्यक्ष पातळी, आणि समितीचं इतिवृत्त, यासाठी माहिती अधिकारात अर्ज तयार केलाय. ठरवलेली पातळी आणि प्रत्यक्षातली पातळी शेजारी शेजारी मांडली की कुठल्या वर्षी किती जागा होती आणि किती असायला हवी होती हे कोणालाही दिसेल. विठ्ठलवाडीच्या ताईंच्या मुद्द्यासाठी दुसरा अर्ज वेगळा करतोय: खडकवासला ते संगम या टप्प्यात आज पात्रातून किती क्युसेक घराला न लागता जाऊ शकतं, याचं शेवटचं सर्वेक्षण कधी झालं आणि त्यात काय निघालं. सुमतीताई, दसपटीकर, अर्जाचा मसुदा उद्या इथेच टाकतो, त्यात काही राहिलं असेल तर सांगा. निवृत्त काकांना विनंती, पातळ्यांचे आकडे आले की ते वाचायला आम्हाला मदत करा.

---

निवृत्त_शाखा_अभियंता | बुधवार, रात्री ९:०५

करतो. अर्जात टो-ड्रेनच्या गळतीच्या नोंदीही मागा. पातळीचे आकडे वर्तमानपत्रातही मिळतात, गळतीचे फक्त धरणावरच्या वहीत असतात. ती वही नियमित लिहिली जातेय का, हेही त्यातून कळेल.